सहा किलोची स्प्रिंग

गेल्या वर्षी मे महिन्यात फुसाए सेरा नवऱ्याच्या गाडीतून अर्ध्या वाटेत उतरली आणि बसने घरी परत आली. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. डोंगरातल्या सुगिनोसेच्या थांब्यावर कुनिआकीने चहासाठी गाडी उभी केली, तशी ती उतरली, सीटमागची पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी काही येत नाही." कुनिआकीला वाटलं, हातपाय धुवायला चालली असेल. त्याने दोन चहा घेतले. पंधरा मिनिटांनी हिरोशिमाकडे जाणारी बस सुटली आणि तिच्या खिडकीत त्याला बायको दिसली. तिने हातही हलवला, अगदी रीतसर, शेजारणीला हलवावा तसा.

कुनिआकी पुढे गेला नाही. दोन्ही चहा एकट्याने पिऊन तो त्या बसच्या मागोमाग निघाला आणि घरापर्यंत मागेच राहिला. गाडी दोन सीटांची, उघड्या टपाची, वळणावर भल्याभल्यांना मागे टाकणारी. पण त्या बसला ओलांडून पुढे जायची त्याची हिंमत झाली नाही.

कुमानो हे कुंचले बनवणाऱ्यांचं गाव. घरोघरी बायका मान खाली घालून काम करतात, पण कान मोकळे असतात. त्याच बसमध्ये दोन गल्ल्यांपलीकडची एक बाई होती. संध्याकाळच्या आत गावभर झालं की सेराबाई नवऱ्याला डोंगरात सोडून आल्या.

मे महिन्यातला एक शनिवार, डोंगर ओलांडून हामादा, बंदरावरच्या त्याच खाणावळीत भाजलेला मासा, मग धक्क्यावर बसून समुद्राकडे बघणं आणि परत, असा या दोघांचा पस्तीस वर्षांचा नेम होता. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं कुठे गेले असतील तर तिथेच. मुलगी पोटात असतानाही नेम चुकला नव्हता. तो गेल्या वर्षी चुकला. आणि या वर्षी एप्रिल संपता संपता फुसाएने फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक तिकीट लावलं. हामादाची बस, मे महिन्याचा तिसरा शनिवार, सीट नंबर चार.

"एकच काढलंस?" कुनिआकीने विचारलं.

"तुम्हाला गाडी आहे की. धक्क्यावर भेटू."

त्यानंतर ती तिच्या कामाच्या खोलीत गेली आणि कुनिआकी फ्रिजपुढे उभा राहिला. धक्क्यावर भेटू म्हणे. पस्तीस वर्षं जी शेजारी बसून आली, तिला धक्क्यावर जाऊन भेटायचं. त्याने फ्रिज उघडून थंड बार्लीचा चहा घेतला आणि उभ्याउभ्याच संपवला.

दोष स्प्रिंगांचा होता, हे त्याच्या मनात पक्कं होतं. गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा मऊ होत्या. त्या काढून त्याने गेल्या वर्षी दहा किलोच्या घातल्या होत्या. दहा किलोची म्हणजे जिला एक मिलिमीटर दाबायला दहा किलो वजन लागतं अशी. रेसच्या मैदानावर महिन्यातून एकदा जमणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टोळक्यात निशिओका नावाचा त्याचा दोस्त होता, त्याचं म्हणणं, दहाच्या खालची स्प्रिंग म्हणजे झोपाळा. स्वतःचे दोन वर्षं वापरलेले शॉकॲब्सॉर्बरही निशिओकानेच देऊन टाकले होते. यातली गंमत अशी की कुनिआकीने गाड्यांच्या कारखान्यात अडतीस वर्षं काम केलं ते सीटच्या खात्यात. आयुष्यभर साऱ्या जगाच्या बुडाची काळजी वाहिली आणि निवृत्त झाल्यावर सख्ख्या बायकोला असं आदळवलं.

तिकीट लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तो खाली यानो गावात ओगाताच्या गॅरेजमध्ये गेला. ओगाता पन्नाशीचा, कमी बोलणारा आणि बोलला तर टोचून बोलणारा.

"चारच्या आणि सहाच्या दोन्ही दे. उसन्या," कुनिआकी म्हणाला. "घालून बघतो, एक ठेवतो, एक परत."

"सेरा-सान, पाठ तुमची धरली की वहिनींची?"

"तुलना करायची आहे. शास्त्रीय."

"असं होय." ओगाताने आठ स्प्रिंगा पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून दिल्या. "वहिनींना सांगा, गॅरेजमध्ये एक खुर्ची त्यांच्यासाठी कायम आहे. हलत नाही."

तुलना शास्त्रीय करायची तर शेजारच्या सीटवर फुसाएएवढं वजन हवं. तिचं वजन त्याला ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. त्याने अंदाजाने सेहेचाळीस धरलं. तीस किलोचं तांदळाचं पोतं, त्यावर दहा किलोची पिशवी आणि उरलेल्या सहासाठी सोया सॉसच्या बाटल्या. सगळ्याला मिळून पट्टा बांधला. रस्ता ठरवला: घरापासून शाळेवरून खाली, रेल्वेचं फाटक ओलांडून पुलापर्यंत आणि परत. शाळेपुढचा रस्ता जागोजाग ठिगळं लावलेला आणि फाटकात रूळ चांगलेच वर आलेले, म्हणजे परीक्षा कडक.

आधी दहा किलोच्या, ज्या गाडीत होत्याच, त्यांची नोंद घेतली. पोतं ठिगळाठिगळावर उडत होतं. फाटक ओलांडल्यावर गाडी जी नाचायला लागली ती पुलापर्यंत नाचत राहिली. त्याने वहीत लिहिलं, 'दहा: उडते.' मग सबंध दुपार जॅकवर गाडी चढवून, घाम गाळून, चार किलोच्या घातल्या. स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या शॉकच्या डोक्यावर कडकपणा कमीजास्त करायचा एक नॉब असतो, त्यावर एक ते बारा आकडे कोरलेले. दहाच्या स्प्रिंगांना त्याने तो अकरावर ठेवला होता, कारण कडक स्प्रिंगला कडक शॉक. आता चारच्या मऊ स्प्रिंगांसाठी चारही चाकांचे नॉब दोनवर आणले. इतक्या वर्षांच्या सवयीचा माणूस, चुकतोय कशाला.

गाडी घेऊन निघाला. पहिल्या ठिगळावर बरं वाटलं. दुसऱ्यावर गाडी जरा बसली. तिसऱ्यावर आणखी बसली. शाळा संपेपर्यंत ती कुल्ले टेकलेल्या म्हशीसारखी खाली गेली होती आणि फाटकात असा धडाका बसला की सोया सॉसची एक बाटली पायाशी येऊन पडली. चार किलो. दहापेक्षा निम्म्याहून मऊ. आणि आदळली दहापेक्षा जास्त. कुनिआकीने पुलावर गाडी थांबवून वही उघडली, पेन धरलं आणि काहीच लिहिलं नाही.

घरी आल्यावर त्याने निशिओकाला फोन लावला, तर पलीकडून हसण्याचाच आवाज. "चार किलो? अरे, सोफा घे ना त्यापेक्षा. आणि तांदळाला फिरवतोयस म्हणे? आमच्या हिने ऐकलं. म्हणते, सेरा-साननी दुसरं घर केलं की काय."

कुनिआकीने फोन ठेवला. शनिवारला आठ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीपुढे फरशीवर बसला होता. एका बाजूला सहाच्या स्प्रिंगांची खोकी, मांडीवर वही. फुसाएच्या खोलीची आणि घरच्या गॅरेजची भिंत एकच, पातळ लाकडाची. कुंचल्यांचे केस विंचरणाऱ्या तिच्या कंगव्याचा आवाज थांबला. मग दार सरकलं आणि ती आली, मांडीवरचे केस झटकत. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती गॅरेजमध्ये येत होती.

"माझ्या जागेवर तांदूळ का बसवलेत?"

"वजन," कुनिआकी म्हणाला. "तुझ्याइतकं."

तिने पोतं, पिशवी, बाटल्या मोजल्या. "सेहेचाळीस? ते मुलीच्या आधी होतं."

"विचारणार कसं?"

"तोंडाने," फुसाए म्हणाली. मग ती गाडीच्या पुढच्या कोपऱ्याशी गेली आणि चाकावरच्या पत्र्यावर तळहात ठेवून खाली दाबलं. चाळीस वर्षं ती कुंचले बनवत आली आहे. घोड्याचे ताठ केस आणि बकरीचे मऊ केस किती प्रमाणात मिसळायचे, हे तिला बोटं सांगतात. कागदावर दाबलेला कुंचला उचलल्यावर आपल्या टोकाला परत यायला हवा, ना झटक्याने, ना रेंगाळत. न आलेला कुंचला ती मोडीत काढते. तिने पत्रा सोडला. गाडी वर आली, पण अगदी सावकाश, जडपणे, जशी कुणी मागून ओढून धरली आहे.

तिने पुन्हा दाबलं. मान हलवली.

"हिच्यात खळ राहिलीय."

कुंचला तयार झाला की त्याचं टोक नीट राहावं म्हणून तो खळीत बुडवतात. ती धुऊन काढल्याशिवाय केस आपली चाल दाखवत नाहीत. हे कुनिआकीलाही ठाऊक होतं. त्या खळीच्या वासात त्याची सारी गृहस्थी गेली होती.

"अगं, चार किलो आहेत. याहून मऊ स्प्रिंग काय घालणार?"

"मऊ आहे ना. बोटाला लागतंय मऊ. पण येऊ कुठे देतंय कुणी तिला? तुम्ही सारखं किती दाबलं जातं तेच मोजताय. परत कशी येते ते कोण बघणार?"

"ते शॉकचं काम. नॉब दोनवर आहे. म्हणजे जवळजवळ मोकळाच."

"मग दुसऱ्या टोकाला फिरवा."

"दुसरं टोक म्हणजे सगळ्यात कडक."

"फिरवून तरी बघा."

बायकोचं समाधान म्हणून त्याने पुढच्या चाकाचा नॉब फिरवला. पाच, आठ, अकरा. मग तिच्यासारखा तळहात ठेवून दाबलं आणि सोडलं. गाडी टुणकन वर आली आणि तीनदा हलली. त्याने नॉबकडे पाहिलं. परत दोनवर आणला, दाबलं: खळ. परत अकरावर: टुणकन. तो होता तिथेच फरशीवर बसला.

आकडे उलटे होते. त्याच्या जुन्या शॉकवर मोठा आकडा म्हणजे कडक. निशिओकाने दिलेल्यांवर मोठा आकडा म्हणजे मऊ. माहितीचा कागद कुणी दिला नव्हता, कुणी मागितला नव्हता. म्हणजे गेल्या वर्षी दहा किलोच्या अचाट स्प्रिंगांना धरून ठेवायला सगळ्यात ढिला शॉक, म्हणून ती उधळत होती. आणि काल मऊ स्प्रिंगांना सगळ्यात घट्ट शॉक, म्हणून ती प्रत्येक खड्ड्यात बसत गेली आणि वर आलीच नाही. त्याने निशिओकाला फोन करून विचारलं. निशिओका म्हणाला, "हो, यात एक म्हणजे कडक. सांगितलं नव्हतं का मी?" आणि मग, "थांब. म्हणजे वर्षभर...?" एवढं बोलून त्याला पुढे बोलता येईना इतका तो हसायला लागला.

कुनिआकीही हसला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं त्याला. "पाहिलंस?" तो फुसाएला म्हणाला. "नॉबची चूक! आकडे उलटे कोरलेत लेकाच्यांनी. म्हणजे गेल्या वर्षीसुद्धा माझं काही..."

"तुमची नव्हतीच चूक," फुसाए म्हणाली. "बरं झालं कळलं. मी उगीचच वर्षभर तुम्हाला दोष दिला."

हे ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की कुनिआकीला क्षणभर ते खरं वाटलं. ती आत गेली. दार सरकलं. कंगव्याचा आवाज काही सुरू झाला नाही.

तो गाडीपाशीच बसून होता. मग गेल्या वर्षीचा रस्ता त्याला आठवायला लागला, स्प्रिंगांचा नव्हे, माणसांचा. पहिल्या घाटात फुसाए म्हणाली होती, "पाठीला लागतंय हो." तो म्हणाला होता, "दहा किलो आहे. लागणारच." धरणाच्या वळणावर ती परत म्हणाली, "खूप लागतंय." तेव्हा त्याने तिला समजावून सांगितलं होतं, एक मिलिमीटर म्हणजे काय, दहा किलो म्हणजे काय, वळणात त्याचा फायदा काय. चांगली दहा मिनिटं. नंतर सुगिनोसेपर्यंत ती काही बोलली नव्हती.

त्याने उठून तिच्या खोलीचं दार थोडं सरकवलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, हात मांडीवर.

"धरणानंतर तू काहीच बोलली नाहीस."

"नाही."

"मला वाटलं, तुला पटलं."

फुसाएच्या खांद्यांना जरा हसू फुटल्यासारखं झालं, पण ती वळली नाही.

"लागतंय म्हणालीस तेव्हा गाडी थांबवायला हवी होती," कुनिआकी म्हणाला. "मी हिशेब सांगत बसलो. चुकलं माझं. नॉबचं राहू दे." एवढं बोलायला त्याला पस्तीस वर्षं लागली होती, त्यामुळे पुढे काय बोलतात ते त्याला ठाऊक नव्हतं. तो दारात उभा राहिला.

खिडकीकडे बघतच ती म्हणाली, "सहाच्या कधी घालताय?"

"आधी चारच्या नीट करून दाखवतो. मग सहाच्या. बसशील?"

"फाटकापर्यंत," फुसाए म्हणाली. "पुढचं पुढे."

रविवारी तांदूळ स्वयंपाकघरात परत गेले आणि फुसाए आपल्या जागी बसली. चारच्या स्प्रिंगा, नॉब योग्य जागी. फाटकावरून गाडी तरंगत गेली. कुनिआकीला वाटलं, झालं, याच ठेवायच्या. पण फुसाएने ओठ मुडपले. "नुसत्या बकरीच्या केसांची. गोड आहे, पण कणा नाही. डोंगरात मळमळेल मला." दुपारी सहाच्या घातल्या. पुन्हा फाटक. रूळ जाणवले, एक, दोन, आणि संपले. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत गाडी शांत झाली होती. फुसाएने डोळे मिटले होते. "परत चला, पुन्हा एकदा," ती म्हणाली. असं पाच वेळा झालं. फाटकावरचा माणूस दर खेपेला टोपी काढत होता. शेवटी ती म्हणाली, "हं. हिच्यात घोडा आहे थोडा." वहीत कुनिआकीने तेच लिहिलं.

चारच्या परत करायला गेल्यावर त्याने ओगाताला नॉबचं सांगितलं. ओगाता म्हणाला, "मी गेल्या वर्षीच बघितलं होतं. वाटलं, तुमची काही खास पद्धत असेल. गिऱ्हाइकाच्या नॉबला हात लावायचा नाही, बाबांनी शिकवलंय."

"अरे, तोंड तर होतं ना!"

"ते वहिनींनाही होतं," ओगाता म्हणाला.

शनिवारी सकाळी फ्रिजवरचं तिकीट नव्हतं, नुसतं चुंबक होतं. फुसाए पिशवी घेऊन गाडीत बसली, पण पर्स मांडीवर घट्ट धरलेली, आणि तिकीट त्या पर्समध्ये आहे हे न विचारताही कळत होतं. हामादाची बस सुगिनोसेला दहा मिनिटं थांबते. सीट नंबर चार तिथूनही मिळते. पहिला घाट गेला. धरणाचं वळण गेलं. कुनिआकी पट्टीचा बोलणारा माणूस, पण तोंडातून शब्द काढला नाही, फक्त रस्ता बघत होता आणि मधूनमधून तिच्या हातांकडे.

सुगिनोसेच्या उतारावर, सगळ्यात गुळगुळीत रस्त्यावर, फुसाए म्हणाली, "इथे जरा लागतंय."

रस्ता नवा आहे, लागण्यासारखं काही नाही, हे त्याच्या अगदी जिभेवर आलं. ते त्याने तिथेच ठेवलं आणि गाडी थांब्यात वळवली. हामादाची बस उभी होती, दार उघडं होतं. कुनिआकी उतरला, पुढचं झाकण उघडून दोन नॉब एकेक घर मोकळे केले, मागे जाऊन डिकीतले दोन केले. मग तिच्या बाजूला येऊन पत्रा दाबला. "आता?"

"अजून जरा."

आणखी एक घर. "आता?"

"बघा ना अजून."

तिसरं घर. त्याच्या बोटांना तेल लागलं होतं, गुडघे दुखत होते. बसचा ड्रायव्हर हामादा, हामादा करत होता. फुसाए दार उघडून उतरली, पर्समधून तिकीट काढलं आणि सरळ बसकडे चालायला लागली. कुनिआकी डिकीशी वाकलेला तसाच राहिला. एवढं करूनही. त्याने हाकही मारली नाही. या वर्षी जायचं तर जाऊ दे, तिच्या पाठीपेक्षा काही मोठं नाही, असं त्याने मनाशी म्हटलं आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

ड्रायव्हरशी दोन वाक्यं बोलून ती परत आली. हात रिकामे होते. सीटवर बसून तिने पट्टा ओढला.

"चार नंबरची सीट रिकामी आहे म्हणून सांगून आले. एका आजीबाईंना मागे कोंबलं होतं."

"आणि पाठ?"

"पाठीला काही लागत नव्हतं."

"मग?"

"तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं," फुसाए म्हणाली आणि समोर बघायला लागली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

कुनिआकीला हसू आवरेना, आणि डोळेही. त्याने तोंड पुसायला हात वर केला आणि गालाला तेल लावून घेतलं. "म्हणजे ही तीन घरं..."

"परत होती तिथे आणा. चांगली होती ती."

तो पुन्हा डिकीशी गेला. बस सुटली, तिच्या पुढच्या खिडकीत एक म्हातारी बाई बसलेली दिसली. कुनिआकीने तिला हात हलवला आणि एकेक घर मोजत नॉब मागे फिरवायला लागला.